हातधुणीचं सोनं

दिवाळी सरून आठवडा झाला तरी गल्लीत ऊन उतरलं नव्हतं. वर नुसता राखाडी उजेड, आणि घशात सारखं काहीतरी अडकल्यासारखं. चंद्रप्रभाने गच्चीवरच्या तुळशीला पाणी घातलं. पानांवर काजळी बसली होती. तिने एकेक पान पदराने पुसलं, हात जोडले, आणि तेव्हा कुठे स्वतः घोटभर पाणी प्यायली. लग्न होऊन दिल्लीला आल्यापासूनचा हा तिचा नेम होता.

खाली दिरांचा आवाज चढला होता. चहाची किटली घेऊन ती जिना उतरली.

वरच्या दोन खोल्यांत घर आणि खालच्या खोलीत गलाईची भट्टी. पहाडगंजच्या मागच्या अंगाला असलेल्या त्या गल्लीत तिचा नवरा शांताराम मिसरूड फुटायच्या आत आला होता. खानापूर तालुक्यातली निम्मी गावं याच कामासाठी देशभर पांगलेली. सोनारांकडचं मोडीचं सोनं आणायचं, त्यांच्या दुकानातला केरसुद्धा विकत घ्यायचा, जाळायचा, धुवायचा, वितळवायचा आणि त्यातलं सोनं वेगळं काढायचं. आता दाराला कागद चिकटला होता. वस्तीतल्या भट्ट्या बंद, शहराबाहेर न्या. धुराचे दिवस होते आणि सोमवारी घरमालकाला चाव्या द्यायच्या होत्या.

"मी म्हंतो तिलाच इचारा की," विलास म्हणत होता. शांतारामचा हा धाकटा भाऊ, भट्टीतला निम्म्याचा भागीदार. "दोन वर्सं शिकून काय हातात पडनार? आकडा सांग म्हनावं. सरोजिनी नगरचा सराफ आज पगार द्याया तयार हाय. काउंटरवर बसायचं, पंख्याखाली. तेवढ्या पगारात नव्या शेडचं भाडं निघतंय."

शांतारामची मुलगी उल्का दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बी.ए. झाली होती. मुनिरक्याजवळच्या विद्यापीठात एम.ए.ला नाव लागलं होतं. यंदा प्रवेश लांबले होते, फी भरायची ती सोमवारी. सराफालाही जबाब सोमवारीच हवा होता.

"भूगोल," विलास म्हणाला. "म्हंजे नकाशेच न्हवं का? मोबाईलात हाय की नकाशा. फुकट."

"काका, फी काही जास्त नाहीये तिथे. सराफाच्या एका पगारात भरून उरेल."

"आन खोली? भट्टी चालली हरयानाच्या शिवेवर, आपन सगळी तिकडं. तू मुनिरक्यात खोली घेनार. आन दोन वर्सांचा पगार सोडलास त्यो? त्यो कुनी धरायचा हिशेबात?"

 उल्काने तो पगार हिशेबात धरला नव्हता असं नाही.

"आमच्या श्यामचं बघ. रान इकलं, इंजिनियर केला. ग्रेटर नोयडात चार वर्सं घातली. आज गुडगावात कानाला फोन लावून लोकांच्या शिव्या खातोय. आन मिळतंय किती? भट्टीवरच्या गड्याएवढं." पोराचं नाव निघालं की विलासचा आवाज फाटायचा. ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्याच्याकडे कोणी बघितलं नाही. चंद्रप्रभाने त्याचा पेला आधी भरला.

शांताराम वाकळीवर बसला होता. भट्टीजवळची ती वाकळ त्याच्या आईने शिवून गावाहून धाडलेली. सुरुवातीची सगळी वर्षं तो तिच्यावरच झोपला, नंतर कामाला बसायलाही तीच. कापडात सोन्याची धूळ मुरते म्हणून ती कधी धुतली नव्हती. काळी, ताठ, तेजाबाच्या थेंबांनी भोकं पडलेली.

"उल्का," तो म्हणाला. "शिकल्यावर काय मिळंल?"

"माहीत नाही, आबा."

"अंदाजानं?"

"अंदाजाने सांगितलं तर खोटं होईल. परीक्षा निघाली तर कॉलेजात शिकवीन. नाही निघाली तर बघावं लागेल. मला तो विषय शिकायचाय, बस."

"बघा," विलास म्हणाला. "बस, म्हनं."

शांताराम खोकला. तेजाबाच्या वाफेने छाती आतून खरवडल्यासारखी झाली होती. बोलायच्या आधी त्याला थांबावं लागे. अख्ख्या गल्लीत त्याच्या काट्याला मान होता. दोन सोनारांचं भांडण लागलं तरी ते त्याच्याकडे वजन करायला येत. गुंजेचाही फरक असला तरी तो पुरलं म्हणायचा नाही, भाऊ असो नाहीतर गिऱ्हाईक.

"शेडवाल्याला ॲडव्हान्स द्यायचाय," तो म्हणाला. "पाच तोळ्यांचं काम हाय. आपल्यापाशी ह्या फरशीखालची माती तेवढी ऱ्हायलीया. तिनं पाच तोळं दिलं तर उल्कानं शिकावं. न्हाई दिलं तर सोमवारी सराफाकडं जावं. चाललं इलास?"

"चाललं."

"तुला गं?"

उल्काने ओढणी नाकावरून मागे बांधली. "पहार कुठाय?"

गलाईवाला जागा सोडतो तेव्हा जमीन उकरून नेतो. सोनं वितळवताना मुशीतून उडालेले कण, कानशीची धूळ, हातातून सुटलेला एखादा मणी, सगळं फरशीच्या सांध्यांत उतरत जातं. वर्षानुवर्षं. किती उतरलं ते कोणालाच सांगता येत नाही.

शांतारामने पहिला सांधा छिन्नीने मोकळा केला. विलासने पहार घातली. फरशी सुटली तसा खालून ओला, आंबूस वास आला. दोघांनी ती उभी करून भिंतीला लावली आणि उल्का गुडघ्यांवर बसून कुंच्याने सांध्यातली माती घमेल्यात लोटू लागली. दिवसभर तेच. फरशी, कुंचा, घमेलं, पोतं. शांतारामला दर थोड्या वेळाने दाराशी जाऊन उभं राहावं लागे, पण बाहेरची हवाही आतल्यासारखीच होती. दुपारपर्यंत उल्काच्या तळव्यांना फोड आले. ती ते बापाला दिसू देत नव्हती.

"नखाखालची बी झाड," विलास तिला म्हणाला. "तुजी एम.ए. हाय ती."

"काका, तुमच्या मिशांत माझं पूर्ण पहिलं वर्ष बसलंय. आधी ते झाडा."

शांताराम हसायला गेला आणि खोकला. विलासही हसला, मिशी खरोखरच घमेल्यावर झाडली आणि पुन्हा पहारीला लागला. तो कामात कुचराई करत नव्हता. सोनं कमी निघावं असं त्याच्या मनात असेल, पण ते हातांत उतरत नव्हतं. चंद्रप्रभाला ते दिसत होतं आणि म्हणूनच त्याचा राग येत नव्हता.

संध्याकाळी भट्टीखालची माती निघाली. सगळ्यात काळी, सगळ्यात जड. ती एका पोत्यात वेगळी भरली. चंद्रप्रभा वरून हळदकुंकवाची कुयरी घेऊन आली, पोत्याच्या तोंडाशी हळद वाहिली, कुंकू लावलं, एक फूल ठेवलं. गावाकडे खळ्यावरच्या पहिल्या राशीला लावतात तसं. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. कोणालाच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच घरमालक सतपाल आला. उघडी जमीन बघून दारातच थांबला.

"ये क्या कर रहे हो, शांताराम? फर्श मेरा है."

"नया सिमेंट कर के देंगे, सतपालजी. पहले से अच्छा."

"सिमेंट तो करोगे ही. मिट्टी किसकी है? जगह मेरी, तो मिट्टी भी मेरी." त्याने गल्लीतून खुर्ची मागवली आणि दारात मांडून बसला. "बोरियाँ बाहर निकालो. गिनने दो."

पोती एकेक करून बाहेर आली. शेजारचे टायरवाले, चहावाला, सगळे बघायला जमले. सतपालने एका पोत्यात हात घालून चाचपलं, हाताला नुसती माती लागली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्याने शांतारामला खिसे उलटे करायला लावले. शांतारामने केले. एका खिशातून खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट निघालं, दुसऱ्यातून काहीच नाही. उल्का पुढे झाली तसा शांतारामने तिच्याकडे न बघता हात आडवा धरला.

"एक बोरी मेरी," सतपाल म्हणाला. "फिर बाकी ले जाओ, मैं कुछ नहीं बोलूँगा."

"ले लो जी," विलास पटकन म्हणाला आणि कडेचं पोतं पायाने पुढे सरकवलं.

सतपालने त्याच्याकडे बघितलं, मग सगळ्या पोत्यांवरून नजर फिरवली. "ये नहीं. जिसकी पूजा की है, वो दे दो."

 कुंकू ओलसर हवेत पसरून पोत्याच्या तोंडाला लालभडक दिसत होतं.

सतपालच्या माणसाने ते पोतं पाठीवर घेतलं. उचलताना त्याचे गुडघे वाकले. ती माती धुवायची कशी, जाळायची कशी, सतपालला काही ठाऊक नव्हतं. ती त्याच्या गोदामात तशीच पडून राहणार होती. विलास वळला आणि भावजयीचा चेहरा बघून पहार उचलायला गेला.

चंद्रप्रभा वर गेली. देवांसमोर बसली, पोथी उघडली आणि रोजचा अध्याय वाचायला लागली. ओळी डोळ्यांखालून जात होत्या. मी लावलं, एवढंच आत वाजत होतं. अध्याय अर्धवट सोडायचा नाही म्हणून तिने तो पुरा केला, पुस्तक कपाळाला लावलं आणि खाली येऊन पोरीच्या शेजारी कुंचा घेऊन बसली.

"आई, तुझा काय दोष?" उल्का हळूच म्हणाली.

"बोलू नकोस. झाड."

शनिवारभर माती धुतली. मोठ्या पातेल्यात पाणी, पाण्यात माती, हातांनी गोल ढवळायचं, हलकं वाहू द्यायचं, जड ते तळाला ठेवायचं. पाणी बर्फासारखं होतं. उल्काची बोटं वाकेनाशी झाली. चंद्रप्रभाने तिचे हात आपल्या काखेत धरून ऊब दिली आणि परत पाण्यात सोडले. तळाशी उरलेला गाळ शांतारामने पाऱ्यात घोळवला, मग तेजाबात उकळला. त्या वेळी तो सगळ्यांना बाहेर काढायचा. बंद दारापलीकडून त्याचा खोकला ऐकू येई आणि तिघंही गल्लीत उभी राहून एकमेकांकडे न बघता तो ऐकत.

दुपारी तो जेवायला वर आला तेव्हा चंद्रप्रभाने देवामागची डबी त्याच्यासमोर ठेवली.

डबीत काय आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. भट्टीच्या दाराशी एक घमेलं असायचं. काम करून उठलेल्या पुरुषाने त्यातच हात धुवायचे. त्या पाण्याच्या तळाला बसलेला गाळ वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला, वितळवायचा आणि निघेल तो मणी घरच्या बाईचा. हातधुणीचं सोनं. पुरुषाने ते मागायचं नाही, घ्यायचं नाही. घेतलं की भट्टीची बरकत जाते, असं सासूने तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तिने प्रत्येक दिवाळीचा मणी जपला होता, उल्काच्या लग्नासाठी.

"हे घाला त्यात," ती म्हणाली. "पोतं माझ्यामुळं गेलं."

"आत ठेव."

"अहो, तुमच्याच हातावरचं आहे ते. त्याच फरशीवरचं."

"आत ठेव म्हनलं न्हवं." त्याने घास तसाच ताटात ठेवला. "मातीनं दिलं तर, असं बोललोय मी. इलाससमोर. आन शिकून जर हिला काय मिळालंच न्हाई, तर अंगावर घालायला तेवढं तरी असू दे."

तिने डबी परत देवामागे ठेवली.

रविवारी सकाळी शेवटची भट्टी पेटली. मुशीत सगळं घातलं, वर सुहागा, म्हणजे टाकणखार. शांतारामने सांडशीने मूस उचलून साच्यात ओतली. निवल्यावर एक लहानसा, पिवळा, ओबडधोबड तुकडा निघाला. त्याने तो पुसला आणि काटा हातात घेतला. एका पारड्यात पाच तोळ्यांचं पितळी वजन, दुसऱ्यात तो तुकडा.

पारडं वरच राहिलं.

त्याने काटा तसाच धरून ठेवला, दांडी हलायची थांबेपर्यंत. काट्याच्या बाबतीत त्याला कधीच घाई नसायची.

"कमी हाय," तो म्हणाला.

विलासने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याला आनंद झाला नव्हता. "त्या पोत्यात हुतं," तो म्हणाला. "काय करायचं आता. उल्के, पोरी, सराफ चांगला मानूस हाय. एवढं काय न्हाई त्यात."

"हो काका," उल्का म्हणाली. तिने ओढणी सोडली आणि तिची नीट घडी घालायला लागली. कडेला कड लावून, पुन्हा उलगडून, पुन्हा.

शांताराम उठला. वाकळ उचलली. कात्रीने तिच्या पट्ट्या कापायला लागला.

"आबा, ती रजाई कशाला?"

"रजाई न्हवं. वाकळ." त्याने मान वर केली नाही. "भट्टीतलीच हाय. मातीबरोबरची."

"दादा," विलास म्हणाला. "आयची हाय ती."

"ठावं हाय."

"त्यात किती निघनार?"

"बघू की."

एक पट्टी जुन्या हिरव्या चौकड्याची होती, एक लाल काठाची, एक त्याच्या बापाच्या धोतराची. चंद्रप्रभाला प्रत्येक तुकडा माहीत होता. पट्ट्या कढईत पेटल्या तेव्हा दाट, कडू धूर झाला आणि चौघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. कोणाला ते पुसायची गरज वाटली नाही. मग राख चाळली, धुतली, मुशीत घातली. मुगाच्या दाण्याएवढा मणी निघाला.

शांतारामने तो तुकड्याशेजारी ठेवला आणि काटा उचलला. पारडं खाली आलं. खाली आलं आणि जवळजवळ बरोबरीला येऊन थरथरायला लागलं. चंद्रप्रभा शेजारीच उभी होती. तिला दिसत होतं की दांडी अजून कलती आहे. विलासलाही दिसत असावं. तो पुढे वाकला होता.

दांडी स्थिर व्हायच्या आत शांतारामने काटा खाली ठेवला.

"पुरलं," तो म्हणाला.

भट्टीत निखारे तडतडले. विलासने भावाच्या तोंडाकडे बघितलं, मग काट्याकडे, मग टोपी डोक्यावर घातली. "तू म्हंतोस तर पुरलं," तो म्हणाला आणि सिमेंटचं पोतं फोडायला बाहेर गेला.

उल्का तिथेच बसून राहिली. शांतारामने सोनं कागदात बांधलं, चंद्रप्रभाच्या हातात दिलं, देवापाशी ठेव म्हणाला, आणि दाराशी जाऊन घमेल्यात हात धुतले. खूप वेळ धूत होता.

दिवेलागणीला दोघे भाऊ खाली नवी जमीन थापीने सारखी करत होते. चंद्रप्रभाने निरांजन लावलं. पुडी देवांसमोर होती. एवढ्या वर्षांत या माणसाच्या तोंडून खोटं वजन तिने ऐकलं नव्हतं. ते उद्या दुसऱ्याच्या काट्यावर चढणार होतं. तिने सामानात बांधलेला काटा सोडवला. तो तिने कधी हातात धरला नव्हता. एका पारड्यात पितळी वजन ठेवलं, दुसऱ्यात पुडीतलं सोनं, आणि डबीतला एक मणी टाकला. थांबली. दुसरा टाकला. काटा हलू नये म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवलं. तिसरा सोडल्यावर दांडी सरळ झाली आणि सरळच राहिली. तिने सगळं परत कागदात बांधलं, काटा होता तसा ठेवला, आणि मग आरती म्हटली.

सोमवारी सकाळी टेम्पो आला. पातेली, मुशी, भाते, अंथरुणं चढली. शांतारामने देवापाशी ठेवलेली पुडी उचलली आणि मोठ्या बाजारात विकायला जायला निघालेल्या विलासच्या हातात दिली. विलासने ती तळहातावर धरली, पण खिशात घातली नाही.

"दादा, एकदा काट्यावर घालू या का?" त्याचा आवाज खाली होता. "तिथं चार लोकांत कमी भरलं तर तुजं नाव जाईल. म्हनून म्हंतो."

 शांतारामने उल्काकडे बघितलं. ती पाठीला बॅग लावून, कागदांची फाइल छातीशी धरून उभी होती.

"घाल," तो म्हणाला.

विलासने काटा काढला. वजन ठेवलं, सोनं ठेवलं, उचललं. या वेळी तोही दांडी थांबेपर्यंत थांबला. बराच वेळ.

"बराबर हाय," तो म्हणाला. मग पारड्यात वाकून बघितलं. तुकडा, वाकळीचा मणी, आणि आणखी मणी. त्याने ते बोटाने एकत्र केले, कागदात बांधले, पुडी आतल्या खिशात ठेवली. "जा पोरी. लाइन लागलेली असंल तिथं."

उल्का वाकून सगळ्यांच्या पाया पडली आणि मेट्रोच्या दिशेने गेली. धुरात ती लवकरच दिसेनाशी झाली.

शांताराम चंद्रप्रभाकडे वळला. ती तुळशीची कुंडी टेम्पोत नीट बसते का बघत होती, पानं पुसत होती.  टेम्पोबरोबरच्या गड्याने दाराजवळचं घमेलं उचलून भांड्यांच्या ढिगावर टाकायला हात उगारला.

"ते नगं टाकू," शांताराम म्हणाला. "हिकडं आन."

घमेल्यात कालचं थोडं पाणी होतं. तो ड्रायव्हरशेजारी चढून बसला, घमेलं मांडीवर घेतलं, आणि टेम्पो गल्लीतून वळेपर्यंत ते दोन्ही हातांनी सपाट धरून राहिला.